कुलूप नसलेली कला

चित्रप्रदर्शनाला गेलेला रसिक चित्र पाहतो; चित्रकाराने कुंचला कोणत्या दुकानातून आणला, हे तो विचारीत बसत नाही. गाण्याच्या बैठकीत तंबोरा मिरजेचा आहे की आणखी कुठला, याची चौकशी फार तर एखादा जाणकार करील; पण तंबोरा घडवणाऱ्याने आपली युक्ती साऱ्या जगाला सांगितली आहे की नाही, यावरून गाण्याचा बरेवाईटपणा कुणी ठरवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. साधनाने साधनाच्या जागी राहावे आणि कलाकृतीने पुढे यावे, असा आपला जुना संकेत आहे.

नॉर्वे देशातल्या बर्गेन या गावी एका कलामहोत्सवाने मात्र हा संकेतच उलटा करून टाकला. त्याचे नाव ‘पिक्सेल’. संगणकाच्या पडद्यावर चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी बनते, त्या ठिपक्याचे हे नाव. २००३ साली त्याचा आरंभ झाला. गिस्ले फ्रोयस्लांड हे त्याचे मूळ चालक. आणि बर्गेनच्या इलेक्ट्रॉनिक कला केंद्राचा त्याला पहिला आधार होता. सात डोंगरांच्या कुशीत वसलेले, पावसासाठी प्रसिद्ध असलेले हे बंदर संगीतकार एडवर्ड ग्रीग याचे जन्मगाव. तिथे नोव्हेंबरच्या काळोख्या दिवसांत ही मंडळी जमत आली आहेत. येथे मांडायची कला कशाने केली आहे, हा इथला पहिला प्रश्न. ज्या सॉफ्टवेअरने, ज्या यंत्राने ती केली त्याचे अंतरंग सर्वांना खुले असले पाहिजे. थोडक्यात, कुलूपबंद साधनांना येथे आदर नाही.

बर्गेनला मी गेलेलो नाही. पण या कुळातल्या पुष्कळ कलाकृती कुणालाही घरबसल्या पाहता येतात, आणि त्यांची साधने फुकट उतरवून घेता येतात. गेली काही वर्षे मी त्या पाहतो आहे, ऐकतो आहे, आणि एका प्रश्नाशी झटापट करतो आहे. साधन खुले असल्याने कला चांगली होते काय? आणि होत नसेल, तर रसिकाने या खटाटोपाकडे लक्ष का द्यावे?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ‘मुक्तस्रोत’ हा शब्द काय सांगतो ते पाहू. दिवाळीच्या दिवसांत त्यासाठी फार लांब जायला नको. चकलीची तयार भाजणी बाजारात मिळते. पुडा फोडा, मोहन घाला, पीठ मळा आणि चकल्या पाडा. चकल्या उत्तम होतील. पण डाळ-तांदळाचे प्रमाण काय, धान्य किती भाजले, हे पुड्यावर नाही. पुढच्या वर्षी तो पुडा बाजारात आला नाही, तर आपण हात चोळीत बसणार. उलट शेजारच्या काकूंनी आपले प्रमाण कागदावर लिहून दिले, तर त्यात आपण धने वाढवू, ती सुधारलेली कृती नणंदेला देऊ, आणि काकू गाव सोडून गेल्या तरी आपल्या घरातल्या चकल्या थांबणार नाहीत. संगणकाची आज्ञावली म्हणजेही एक लिहिलेली कृतीच असते. बहुतेक कंपन्या ती लपवून ठेवतात आणि तयार पुडा तेवढा विकतात. मुक्तस्रोतवाले कृतीच उघडी करतात.

यात एक बारकावा आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ आरंभिली आणि १९८९ साली तिच्यासाठी एक परवाना तयार केला. त्याचा मथितार्थ असा: ही कृती घ्या, वापरा, बदला, वाटा, मात्र बदललेली कृती दुसऱ्याला दिलीत तर याच अटींवर द्या. घेतलेल्याला कुलूप लावायचे नाही. लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिलेली लिनक्स ही प्रणाली पुढे याच अटीखाली वाढली. मुक्त म्हणजे बेवारस नव्हे. मूळ लिहिणाऱ्याचे नाव तिथे राहते, आणि पुढच्यावर एक बंधनही राहते. ज्यांना हा सारा प्रकार फुकटेगिरीचा वाटतो, त्यांनी हे बंधन नीट वाचावे.

बर्गेनच्या महोत्सवाचे मूळही अशाच देवाणघेवाणीत आहे. चलत्चित्रांवर प्रयोग करणारे, स्वतःच आपली सॉफ्टवेअरे लिहिणारे काही कलावंत आरंभी तिथे एकत्र आले. प्रत्येकाने आपापल्या घरी पडद्यावरच्या चित्राला फिरवण्याच्या, विरवण्याच्या, रंग पालटण्याच्या युक्त्या रचलेल्या. पण एकाची युक्ती दुसऱ्याच्या यंत्रात चालेना. २००४ सालच्या मेळाव्यात, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीतून, या युक्त्या परस्परांत वापरता याव्यात असा एक साधा करार जन्माला आला. ‘फ्रायर’ असे त्याचे नाव. चित्रफिती जुळवण्याच्या कितीतरी मोफत सॉफ्टवेअरांच्या पोटात तो पुढे जाऊन बसला. म्हणजे नातवाच्या बारशाची चित्रफीत अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर कुणी जुळवली असेल, तर बर्गेनच्या त्या रात्रीचा एक तुकडा त्याच्या घरी येऊन गेला असण्याचा संभव आहे. किती कलामहोत्सवांविषयी असे म्हणता येईल?

पण येथेच समीक्षकाने सावध व्हायला हवे. उपयुक्त असणे ही एक गोष्ट, आणि सुंदर असणे ही दुसरी. या दोहोंची गल्लत होण्याचा मोह या क्षेत्रात फार मोठा आहे. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरी १९७९ पासून ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ हा विद्युत्कलांचा प्रसिद्ध महोत्सव भरतो. त्याच्या पारितोषिकांपैकी सर्वोच्च मान ‘गोल्डन निका’ या सुवर्णमूर्तीचा. १९९९ साली महाजालाच्या विभागातली ही मूर्ती परीक्षकांनी कुणाला द्यावी? लिनक्सला! चित्राला नव्हे, संगीताला नव्हे, तर संगणक चालवणाऱ्या एका प्रणालीला. कलेच्या पारितोषिकांच्या इतिहासात इतका धाडसी निर्णय क्वचितच झाला असेल.

लिनक्स हे मोठे मानवी कर्तृत्व आहे, यात शंका नाही. देशोदेशींच्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी मिळून एवढी गुंतागुंतीची वस्तू उभारली. पण धरणही पुष्कळांनी मिळून उभारलेले असते आणि त्याने रान भिजते. म्हणून आपण त्याला कविता म्हणत नाही. त्या सालच्या परीक्षकांनी माझ्या मते एका सद्गुणाला सौंदर्याचे बक्षीस दिले. मराठी वाचकाला हा घोटाळा परिचयाचा वाटेल. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादावर फडके आणि खांडेकर यांच्या काळात आपल्याकडे पुष्कळ शाई खर्ची पडली. त्या वादातून एक गोष्ट तरी आपण शिकलो असू, ती ही की, हेतू उदात्त आहे म्हणून कादंबरी उत्तम ठरत नाही. तोच न्याय येथे लावावा. परवाना मुक्त आहे म्हणून कलाकृती उत्तम ठरत नाही.

हे केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही; दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहा. ‘ब्लेंडर’ नावाचे त्रिमितीय चित्रे हलवण्याचे एक सॉफ्टवेअर आहे. हॉलंडच्या टोन रोझेंडाल यांचे ते अपत्य. २००२ साली त्यामागची कंपनी बुडाली, तेव्हा धनकोंनी एक लाख युरो मिळाल्यास सॉफ्टवेअर मुक्त करण्याचे मान्य केले. जगभरच्या वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत ती रक्कम जमवली आणि आपले हत्यार सोडवून आणले. गहाण पडलेली वस्तू साऱ्या गावाने मिळून सोडवावी आणि मग ती साऱ्या गावाचीच व्हावी, तशी ही हकीकत.

या हत्याराचा कस दाखवण्यासाठी २००६ साली ‘एलिफंट्स ड्रीम’ हा सुमारे अकरा मिनिटांचा चित्रपट अॅमस्टरडॅममध्ये तयार झाला. दिग्दर्शक बसाम कुर्दाली. यात चित्रपट तर मोफत दिलाच, शिवाय त्यातली पात्रे, देखावे, पोत, सगळी कच्ची सामग्री सुद्धा लोकांना देऊन टाकली. औदार्याची याहून मोठी कमाल नसेल. चित्रपट कसा आहे? एका अवाढव्य यंत्राच्या पोटातून प्रूग नावाचा म्हातारा इमो नावाच्या तरुणाला हिंडवतो. म्हाताऱ्याला त्या यंत्रात अद्भुत विश्व दिसते. तरुणाला काही दिसत नाही. कल्पना खोल आहे. देखावे आजही नजर धरून ठेवतात. परंतु ही दोन माणसे आपल्या काळजाला हात घालीत नाहीत. त्यांचे बोलणे कोड्यासारखे, आणि शेवट येतो तोवर आपण कोडे सोडवण्याचा नाद सोडून दिलेला असतो. हत्यार सिद्ध झाले. गोष्ट राहून गेली.

आता दुसरा चित्रपट घ्या. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुण दिग्दर्शकाचा २०२४ सालचा ‘फ्लो’. हाही ब्लेंडरवरच केलेला. महापूर आला आहे, माणसाचा कुठे पत्ता नाही, आणि एक काळे मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक कॅपिबारा व एक मोठा पक्षी अशी विजोड मंडळी एका होडीत सापडली आहेत. सबंध चित्रपटात शब्द नाही. मांजर मांजरासारखेच वागते. पाण्याला भिते, मग पाण्याशी जमवून घेते. पडद्यावर फार काही न घडता आपला श्वास वरखाली होत राहतो. घरातल्या पाच वर्षांच्या मुलाने आणि पंचाहत्तर वर्षांच्या आजीने शेजारी बसून पाहावा, आणि दोघांनाही निरनिराळे काही मिळावे, असा हा चित्रपट. २०२५ साली त्याला सर्वोत्तम अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले आणि लाटव्हियाला आपले पहिले ऑस्कर लाभले.

मौज अशी की ‘एलिफंट्स ड्रीम’ सर्वस्वी मुक्त आहे, आणि ‘फ्लो’ हा नेहमीच्या व्यापारी रीतीने चित्रगृहांत दाखवलेला चित्रपट आहे. मुक्त आहे ते फक्त त्याचे साधन. मुक्ततेच्या मापाने मोजले तर पहिला श्रेष्ठ, कलेच्या मापाने दुसरा. ही दोन मापे एक नव्हेत, एवढे यावरून सिद्ध व्हायला हरकत नाही.

मात्र म्हणून दोहोंचा संबंधच नाही असे कुणी समजू नये. अवजड स्टुडिओची भांडवली ताकद नसलेल्या एका छोट्या देशातल्या मुलाला एवढे हत्यार हाताशी मिळाले, ते आधीच्या वीस वर्षांत शेकडो अनामिकांनी त्याला धार लावून ठेवली म्हणून. त्यांच्यात ‘एलिफंट्स ड्रीम’ची मंडळीही आली. त्यांच्या फसलेल्या गोष्टीच्या खांद्यावर ही साधलेली गोष्ट उभी आहे. ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती याहून निराळी काय असते?

येथवर मी साधन आणि कृती वेगळी ठेवली. पण या कुळात कलेचा एक प्रकार असा आहे की तिथे ही फारकत टिकत नाही. कारण साधनाचे उघडेपण हाच तिथल्या रसाचा भाग होतो. त्याला ‘लाइव्ह कोडिंग’ म्हणतात. कलावंत प्रेक्षकांसमोर संगणक घेऊन बसतो, तिथल्या तिथे आज्ञावली लिहितो, आणि त्या आज्ञेतून लगोलग संगीत उमटते. यातला दंडक असा की, कलावंताचा पडदा मागच्या भिंतीवर मोठा करून दाखवायचा. काय लिहितो आहे, काय खोडतो आहे, कुठे अडखळतो आहे, सारे सर्वांसमक्ष. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये अशा कलावंतांची एक मंडळी स्थापन झाली, आणि हा दंडक तिने आपल्या जाहीरनाम्यातच घातला.

आपल्याकडच्या बैठकीत बसलेल्याला हा दंडक नवा वाटणार नाही. गवई घरून तयार करून आणलेले गाणे वाजवून दाखवीत नाही. तो आपल्यासमोर स्वर शोधतो, एखादी जागा साधत नाही तेव्हा परत येतो, तबलजीकडे पाहून हसतो. आणि ती जागा साधते तेव्हा आपण दाद देतो, कारण ती साधताना आपण पाहिली. दाद ही घडण्याला असते. पडद्याआड तयार झालेले संगीत ऐकून टाळ्या वाजवता येतील. ‘क्या बात है’ म्हणता येणार नाही.

याच क्षेत्रातले एक नावाजलेले वाद्य, म्हणजे सॉफ्टवेअरच, ‘टायडल’ नावाचे आहे. इंग्लंडच्या अॅलेक्स मॅक्लीन यांनी ते घडवले. त्यात तालाचे आकृतिबंध लिहिण्याची जी लिपी आहे, तिचे एक मूळ थेट लखनौला जाऊन भिडते. १९८० नंतरच्या दशकात जेम्स किप्पेन हे संगीताचे अभ्यासक लखनौच्या उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांच्यासाठी बर्नार बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ‘बोल प्रोसेसर’ ही आज्ञावली रचली. तबल्याच्या कायद्याचे नियम तिला द्यायचे, तिने त्यावरून नवे पलटे रचायचे, आणि ते घराण्यात बसतात की नाही, हा निवाडा मात्र वादकांनी करायचा. यंत्राने रचावे आणि उस्तादाने मान हलवावी किंवा नाक मुरडावे! टायडलच्या लिपीत बोल प्रोसेसरची ही कल्पना उतरली, आणि लखनौच्या बोलांचा एक दूरचा पणतू आज युरोपातल्या नृत्यगृहांत ठेका धरतो. बोल प्रोसेसरही पुढे मुक्तस्रोत झाला. कुलूप असते तर ही वंशावळ जुळली असती का, याविषयी मला शंका आहे.

प्रशंसा झाली, आता दोषही सांगितला पाहिजे. बैठकीतल्या श्रोत्याला सरगम कळली नाही तरी गळ्याचा प्रवास कळतो. भिंतीवर झळकणाऱ्या आज्ञावलीचे तसे नाही. ज्याला ती भाषा येत नाही, त्याला ती कंस आणि चिन्हांची रांगोळी दिसते. या पंथातली एक गाजलेली कृती म्हणजे यारोमिल या इटालियन कलावंताची २००२ सालची तेरा चिन्हांची एक ओळ. संगणकाला ती दिली की एक काम स्वतःच्या दोन प्रती काढते, त्या प्रत्येकी आणखी दोन काढतात, आणि क्षणार्धात यंत्र स्वतःच्याच गर्दीत गुदमरून थांबते. जाणणाऱ्याला ती ओळ हायकूसारखी नेटकी वाटते. पण न जाणणाऱ्याने काय करावे? दार सताड उघडे आहे, आणि आत अंधार आहे. अशा वेळी ‘आम्ही काही लपवले नाही’ हे म्हणणे खरे असूनही पुरेसे नसते. दुर्बोध कवींनी आपल्याकडे हेच म्हणून पाहिले आहे. मुक्तकलेच्या महोत्सवांनी वाचकाचा, प्रेक्षकाचा हात धरून त्याला उंबरठ्याच्या आत आणण्याचे काम जितके मनावर घ्यावे तितके घेतलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. अशा मेळाव्यांत कार्यशाळा भरतात, हे त्यावरचे खरे औषध. आणि माझ्या दृष्टीने त्या कार्यशाळा प्रदर्शनापेक्षाही मोलाच्या आहेत.

उंबरठा नाहीसा करणारी कृती कशी असते, याचे उत्तम उदाहरण ‘आयरायटर’. लॉस एंजेलिसमध्ये ‘टेम्प्ट वन’ या नावाने भिंतींवर अक्षरे रंगवणारा एक नामांकित कलावंत होता. २००३ साली त्याला अशा एका मज्जारोगाने गाठले की हळूहळू सारे शरीर निश्चल झाले. डोळे तेवढे हलत राहिले. २००९ साली काही कलावंत व आज्ञावलीकार त्याच्यासाठी एकत्र आले. त्यांनी साध्या गॉगलच्या काड्यांना तार बांधली, खेळाच्या यंत्राचा स्वस्त कॅमेरा तिला लावला, आणि बुबुळाच्या हालचालीवरून रेघ काढणारी आज्ञावली लिहिली. इस्पितळातल्या खाटेवर पडून त्याने डोळ्यांनी अक्षरे रेखली, आणि ती अक्षरे शहरातल्या एका इमारतीच्या भिंतीवर प्रकाशाने उमटली. पुन्हा त्याच्या गावाच्या भिंतीवर, त्याच्याच वळणाची! चष्मा कसा करायचा याची कृती व सारी आज्ञावली त्यांनी जगाला देऊन टाकली. २०१० साली लिंझची सुवर्णमूर्ती या कामाला मिळाली. या वेळी परीक्षकांशी माझे भांडण नाही. येथे उपयोग आणि सौंदर्य यांची गल्लत झालेली नाही. ती दोन्ही एका रेघेत आली आहेत. थरथरती, तुटक, डोळा क्षणभर स्थिरावल्यावर पुढे सरकणारी ती रेघ पाहताना आपण तंत्र पाहत नाही. एक माणूस परत आलेला पाहतो. आणि तोच चष्मा दुसऱ्या कुणा रुग्णासाठी कुणीही करू शकेल, ही जाणीव त्या रेघेच्या अर्थाचाच भाग होते.

आता रसिकाने लक्ष का द्यावे, या प्रश्नाचे उत्तर देण्याची वेळ आली. ते उत्तर आयुर्मानाशी निगडित आहे. तैलचित्र शतके टिकते. संगणकावरची कला किती टिकते? महाजालाच्या पहिल्या बहरात असंख्य खेळ, चलत्चित्रे आणि प्रयोग ‘फ्लॅश’ या एका कंपनीच्या तंत्रावर उभे राहिले. त्या कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याला दिलेला आधार काढून घेतला, आणि जानेवारी २०२१ मध्ये ती चित्रे दाखवणारे यंत्रच मिटले. एका पिढीची कला, कुणी जाळली नाही, फाडली नाही, तरी दिसेनाशी झाली. तिच्यातली बरीचशी आज पुन्हा दिसते ती ‘रफल’ या मुक्तस्रोत आज्ञावलीमुळे. ती काही हौशी मंडळींनी लिहिली. कुलूप लावणारा निघून गेल्यावर किल्ली घडवायला मुक्तवालेच धावले.

हे दुःख परक्याचे नाही. मराठी मजकूर संगणकावर जुळवला जाऊ लागला तेव्हा प्रत्येक कंपनीची अक्षरांची सांकेतिक मांडणी निराळी होती आणि ती त्या कंपनीच्या मुठीत होती. त्या वेळी जुळवलेले पान आज त्या टंकाशिवाय उघडून पाहा. मराठीच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी दिसते. पुढे युनिकोडची सामाईक मांडणी आली, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’सारख्या मंडळींनी ‘मुक्त’, ‘बलू’ असे देवनागरी टंक मुक्त परवान्याने सर्वांना दिले, म्हणून आता लिहिलेले मराठी उद्या वाचता येईल असा भरवसा धरता येतो. आज दोन ओळी लिहिल्या की चित्र काढून देणारी यंत्रे घरोघर आली आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात काय आहे हे वापरणाऱ्याला पाहता येत नाही. अशा काळात ‘अंतरंग दाखवा’ असा हट्ट धरणारा एखादा महोत्सव दूर बर्गेनमध्ये का होईना, भरत आला आहे, याचे मला महत्त्व वाटते.

बोल प्रोसेसरच्या बर्नार बेल यांचे नाव मराठी वाचकाला आणखी एका कारणाने ठाऊक असायला हवे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडीच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे प्रचंड काम मांडले. हजाराहून अधिक गावे, ३,००० हून अधिक बायका, आणि एक लाखाहून अधिक ओव्या. १९९० नंतरच्या दशकात झालेल्या ध्वनिमुद्रणाचा आणि त्यांच्या संगणकावरच्या साठ्याचा भार उचलणाऱ्यांत बेल होते. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या ओव्या क्रमाक्रमाने सर्वांसाठी खुल्या करण्यास आरंभ केला; आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव ओवीसोबत दिले. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, ओवीला निमित्त उरले नाही. तरी ती ऐकता येते.

ओवीची रीतही आठवून पाहा. आईकडून आलेला पहिला चरण घ्यायचा, त्यात आपल्या सासरचे, आपल्या लेकराचे दुःख-सुख मिळवायचे, आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेलीने तो उचलायचा. सगळ्या ओव्या काही थोर नव्हेत. कितीएक ठरीव आहेत, कितीएक नुसत्या घोळवलेल्या. पण त्या ठरीव ओव्यांच्या पिठातूनच, मधूनच एखादी अशी निघते की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. आणि ती निघावी म्हणून बाकीच्या साऱ्या हातोहात फिरत राहाव्या लागल्या.

बर्गेनच्या मंडळींकडून मी याहून निराळी अपेक्षा करीत नाही. त्यांच्या पुष्कळ कृती तात्पुरत्या असतील, काही कंटाळवाण्याही असतील, आणि समीक्षकाने तसे स्पष्ट म्हणावे. कार्य चांगले म्हणून गुण वाढवून देऊ नयेत. पण त्यांनी आपली कृती उघडी ठेवली आहे, तेव्हा पुढची ओवी कुणाच्या हातून लागेल हे सांगता येत नाही. दिवाळीच्या सुटीत घरातली मुले संगणकापुढे बसतीलच. त्यांना ‘फ्लो’ दाखवा. आणि तो ज्याने केला ते हत्यार आपल्यालाही फुकट मिळते, हेही त्यांना सांगा.